किनाऱ्यापलीकडचे कोकण : आंग्रिया बँक आणि मुक्कामी सागरसफर

गणपतीच्या दिवसांत आमच्या खोपटच्या एस. टी. स्थानकावर उभे राहिले, की सारे ठाणे कोकणात निघाले आहे असे वाटते. मात्र आपले कोकण किनाऱ्याशी येऊन संपते. विजयदुर्गच्या तटावरून पश्चिमेकडे पाहावे, तर नजर पोहोचेल तिथवर पाणीच पाणी! त्या पाण्यात सुमारे १०५ किलोमीटर आत प्रवाळांचे एक अफाट पठार बुडालेले आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असेल?

या पठाराचे नाव आंग्रिया बँक. येथे 'बँक' या शब्दाचा पैशाशी संबंध नाही. समुद्रतळावरील विस्तीर्ण उंचवट्याला दर्यावर्दी लोक बँक म्हणतात. 'आंग्रिया' हे सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या आडनावाचे इंग्रजांच्या तोंडी झालेले रूप आहे. पठाराची दक्षिणोत्तर लांबी सुमारे ४० किलोमीटर, म्हणजे ठाणे ते कल्याण हे अंतर दोनदा मोजावे इतकी. रुंदी सुमारे १५ किलोमीटर. त्याचा माथादेखील पाण्याखाली वीस मीटरवर आहे.

प्रवाळ म्हटले की आपल्याला अंगठीतले पोवळे आठवते. ते तांबडे पोवळे निराळ्या जातीचे. खडक रचणारे प्रवाळ हे इवल्या जीवांच्या वसाहती असतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते. शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते व त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देते. प्रवाळ त्याला निवारा देतो. म्हणून प्रवाळाला उजेड हवा आणि पाणी स्वच्छ हवे. किनाऱ्याजवळ नद्यांचा गाळ पाणी गढूळ करतो. आंग्रिया इतका दूर आहे, की तेथे हा गाळ फारसा पोहोचत नाही. त्यामुळे वीस मीटर खोलीवरही उजेड पुरतो. दूर असणे हेच त्याचे भाग्य.

आता असे ठिकाण पाहायचे कसे? मालवणला लोक सकाळी होडीतून जातात, पाण्यात उतरतात आणि जेवणाला परत येतात. आंग्रियाला ते शक्य नाही. ताशी दहा सागरी मैल वेगाच्या बोटीला विजयदुर्गहून पोहोचायला सहा तास लागतील, परतीला तितकेच. म्हणून अशा दूरच्या प्रवाळांसाठी जगभर मुक्कामी जहाजांची पद्धत पडली आहे. तांबडा समुद्र, मालदीव, ऑस्ट्रेलियाचा ग्रेट बॅरियर रीफ येथे अशी जहाजे जातात. माणसे त्यांवरच राहतात, जेवतात, झोपतात आणि दिवसातून तीन-चार वेळा पाण्यात उतरतात. हवेची नळकांडी भरण्याचे यंत्रही जहाजावरच असते. इंग्रजीत याला 'लिव्हअबोर्ड' म्हणतात. आपण 'मुक्कामी सागरसफर' म्हणू.

पाण्याखाली श्वास घेण्याच्या ज्या साधनामुळे हे शक्य झाले, ते फ्रान्समध्ये १९४३ साली झाक कुस्तो व एमिल गान्यां यांनी सिद्ध केले. पाठीवरच्या नळकांड्यात प्राणवायू असतो असा सार्वत्रिक समज आहे. वस्तुतः त्यात बहुधा आपलीच साधी हवा दाबून भरलेली असते. १२ लिटरच्या नळकांड्यात दोनशे पट दाबाने सुमारे २४०० लिटर हवा मावते. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा लागते असे धरू. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाइतका वाढतो; म्हणून वीस मीटरवर तिप्पट, म्हणजे ६० लिटर लागेल. हिशेबाने ही चाळीस मिनिटे झाली. परतीसाठी पाव हिस्सा राखला, तर हाती उरला अर्धा तास. बारा तासांचा प्रवास आणि अर्ध्या तासाचे दर्शन! मुक्कामी जहाज का लागते, ते या आकड्यांवरून कळेल.

धोकेही ध्यानात घ्यावेत. दाबाखाली हवेतला नायट्रोजन रक्तात विरघळतो. पाणबुड्या घाईने वर आला, तर सोड्याची बाटली उघडावी तसे त्याचे बुडबुडे होतात. सांधे दुखतात, कधी जीवही जातो. म्हणून सावकाश वर यायचे आणि दोन बुड्यांमध्ये विश्रांती घ्यायची. नवशिक्यांच्या पहिल्या परवान्याची मर्यादा १८ मीटर असते. आंग्रियाचा माथाच त्याच्या खाली आहे. त्यातून इस्पितळ सहा तास दूर. हौशी माणसाने मालवणात एकदा बुडी मारली आणि निघाला आंग्रियाला, असे चालणार नाही.

माणसाला धोका आहे, तसा माणसाकडून प्रवाळालाही आहे. एक नांगर टाकला, तर शतकभरात वाढलेला प्रवाळ क्षणात फुटतो. कारण मोठे घुमटाकार प्रवाळ वर्षाला जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतात. तळ खरवडणारी जाळी तर त्याहून वाईट. शिवाय समुद्र तापला, की प्रवाळ आपले शैवाल टाकून देतात व पांढरे पडतात. १९९८, २०१० आणि २०१६ साली लक्षद्वीपने हे सोसले आणि २०२४ साली पुन्हा सोसले.

मग या पठाराचा रखवालदार कोण? मालवणच्या सागरी अभयारण्याची घोषणा १९८७ साली झाली. त्याचे क्षेत्र २९ चौरस किलोमीटर. राज्याचा १९८१ चा मासेमारी कायदा किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंतच चालतो. आंग्रिया त्याच्या कितीतरी पलीकडे! तेथे अधिकार केंद्र शासनाचा. १९७६ च्या सागरी क्षेत्र कायद्यानुसार केंद्राला असा भाग संरक्षणासाठी निर्दिष्ट करता येतो, आणि तसे व्हावे ही मागणी महाराष्ट्रातून झालेली आहे. २०१९ च्या अखेरीस शास्त्रज्ञांच्या एका तुकडीने जहाजावर मुक्काम करून तेथील पाहणीही केली.

काही जण म्हणतील, तेथे कोणी जाऊच नये. मला ते पटत नाही. जे कोणी पाहिलेच नाही, त्याच्या बाजूने बोलणार कोण? जाळी तर कोणी पाहत नसतानाही पडतात. पण जायचे तर शिस्तीने : आधी अभ्यासक, मग मोजके प्रशिक्षित पाणबुडे, नांगराऐवजी कायमचे बांधलेले तरंगते बोये, आणि वाटाडे म्हणून मालवण-देवगडची कोळी-गाबीत मुले, ज्यांच्या वाडवडिलांनी हा दर्या ओळखला.

आमच्यासारख्या घरांतल्या मुलांना ही सफर परवडेल असे नाही. तरीही ती जागा आपली आहे, हे माहीत असणे फुकट आहे आणि गरजेचे आहे. कान्होजींच्या काळी त्यांचे दस्तक घेतल्यावाचून या पाण्यातून व्यापारी गलबताने जाऊ नये, असा सरखेलांचा दंडक होता. इंग्रजांनी कुरकूर केली, पण सरखेलांनी आपला हक्क सोडला नाही. त्यांचे नाव मिरवणाऱ्या या पठारावर आज जो कोणी जाईल, मग तो जाळे घेऊन जावो की कॅमेरा, त्याच्याकडे दस्तक मागणारा कोणीतरी हवा.