समुद्रातला वीतभर घोडा

घोडा आपण सर्वांनी पाहिला आहे. जत्रेतला घोडा पाहिला आहे. नवरदेवाचा घोडा पाहिला आहे. पण पाण्यात राहणारा वीतभर घोडा तुम्ही पाहिला आहे का?

त्याचे नाव समुद्रघोडा. तोंड पाहावे तर घोड्यासारखे लांबट. मानही तशीच बाकदार. पण पाय नाहीत, खूर नाहीत. खाली नुसती शेपटी. काकडीच्या वेलाला ताणा असतो ना, तशी ती गुंडाळलेली.

मग हा प्राणी तरी कोणता? ऐकून नवल वाटेल. हा मासा आहे! इतर माशांसारखा तो पाण्यातच श्वास घेतो. मात्र त्याच्या अंगावर खवले नाहीत. कातडीखाली हाडांची कडी आहेत. त्यामुळे अंग चिलखत घातल्यासारखे टणक लागते.

जगात समुद्रघोड्याच्या चाळीसहून अधिक जाती आहेत. काही जाती दीड-दोन सेंटिमीटर एवढ्याच. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडकडची एक जात मात्र फूटभर वाढते. आपल्या कोकणाच्या आणि गोव्याच्या किनाऱ्यालाही समुद्रघोडे आढळतात.

पोहण्यात कच्चा, धरण्यात पक्का

मासा म्हटला की तो सुळकन पळतो. समुद्रघोड्याचे तसे नाही. तो उभ्याने पोहतो, आणि अगदी हळू पोहतो. त्याच्या पाठीवर एक लहानसा पर आहे. तो पर एका सेकंदात तीस-पस्तीस वेळा हलतो. एवढी धडपड केली तरी वाट फारशी सरत नाही.

मग लाटांत हा टिकतो कसा? शेपटीच्या जोरावर. गवताच्या पातीला, झाडाच्या मुळीला तो शेपटीने घट्ट विळखा घालतो. पाणी ओढते, हा सोडत नाही. तिथेच तो जवळपासच्या रंगासारखा रंगही बदलतो. शत्रू शेजारून जातो, पण त्याला हा दिसत नाही.

मोठे वादळ आले म्हणजे मात्र हात सुटतो. हात कसला, शेपटीच सुटते! मग लाटा त्याला फेकून देतात. दमून दमून तो मरतो.

त्याचे घर कुठे?

समुद्रघोडा बहुधा किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात राहतो. तिथे समुद्रगवत उगवते. समुद्रगवत म्हणजे शेवाळ नव्हे. त्याला मुळे असतात, पाने असतात, फुलेही येतात. खाडीतल्या तिवरांच्या मुळांत आणि पोवळ्यांच्या खडकांतही समुद्रघोडे राहतात.

भारतात समुद्रघोड्यांचे मोठे वसतिस्थान तमिळनाडूच्या किनाऱ्याला आहे. तमिळनाडू आणि श्रीलंका यांच्यामध्ये पाल्क उपसागर आहे. तिथले पाणी उथळ आहे. तळाला समुद्रगवताची कुरणेच्या कुरणे आहेत. गाईगुरांना जसे गायरान, तसे समुद्रघोड्याला हे कुरण. पण तो गवत खात नाही. गवताच्या आधाराने राहतो.

पोट नाही, तरी खादाड

समुद्रघोड्याला दात नाहीत. आपल्यासारखी जठराची पिशवीही नाही. खाल्लेले अन्न साठत नाही, लवकर पुढे सरकते. म्हणून त्याला दिवसभर थोडे थोडे खावे लागते.

खातो काय? जवळ्याहूनही बारीक असे पाण्यातले जीव. शिकार करण्याची त्याची रीत बघा. तो धावत नाही. दबकत दबकत जवळ जातो. त्याचे एक डोळे पुढे, तर दुसरा मागे पाहू शकतो. तोंडाचा आकार असा, की पाणी हालत नाही आणि सावजाला चाहूल लागत नाही. जवळ पोचला की नळीसारख्या तोंडाने झटकन ओढून घेतो. एका लहान जातीवर शास्त्रज्ञांनी प्रयोग केला. शांत पाण्यात दहांतली नऊ शिकार त्या माशाला साधली. तेव्हा हळू चालणारा उपाशी राहतोच असे नाही!

बाप गरोदर राहतो

आता सर्वांत नवलाची गोष्ट ऐका. समुद्रघोड्यात मादी पिले वाढवीत नाही. नर वाढवितो.

नराच्या पोटावर एक पिशवी असते. नर आणि मादी पाण्यात एकमेकांभोवती फिरतात. मग मादी आपली अंडी नराच्या पिशवीत घालते. पिशवीचे तोंड मिटते. आत अंड्यांना हवा मिळते, पोषण मिळते. आतल्या पाण्याचा खारटपणा हळूहळू समुद्राइतका होतो. म्हणजे बाहेर आल्यावर पिलांना पाणी बाधत नाही. केवढी ही तयारी!

काही जातींत मादी रोज सकाळी नराला भेटायला येते. दोघे रंग बदलतात, थोडा वेळ बरोबर पोहतात. मग ती आपल्या वाटेने जाते.

बहुधा दोन ते चार आठवड्यांत दिवस भरतात. नराला कळा येतात. अंग वाकवून वाकवून तो पिले बाहेर टाकतो. काही जातींत थोडीच पिले होतात, काहींत हजारावर होतात. पण त्यानंतर पिलांचे पिलांनी पाहायचे. कुणाला मासे खातात, कुणाला लाटा नेतात. हजारांतली चार-पाच जगली तरी पुष्कळ.

जाळे निवड करीत नाही

परदेशात, विशेषतः चीनकडे, वाळलेले समुद्रघोडे औषधात घालतात. काही लोक ते शोभेसाठी घेतात. त्यांना पैसे मिळू लागले, तसे पाल्क उपसागरात पाणबुडे ते हाताने वेचू लागले. पण त्या औषधाने रोग बरा होतो, असे शास्त्राच्या कसोटीवर सिद्ध झालेले नाही.

2001 साली भारत सरकारने समुद्रघोड्याला वन्यजीव संरक्षण कायद्याखाली घेतले. तेव्हापासून तो पकडणे, बाळगणे, विकणे गुन्हा आहे. दंड होतो, कैदही होऊ शकते. 2004 पासून त्याच्या परदेशी व्यापारावर जगातल्या बहुतेक देशांनी निर्बंध घातले.

मग प्रश्न सुटला का? नाही. कायदा माणसाला कळतो, जाळ्याला कळत नाही. ट्रॉलरचे जाळे तळ खरवडत जाते. कोळंबीसाठी टाकलेल्या जाळ्यात समुद्रघोडाही येतो. इतर मासे काही वेळा निसटतात. हा पळू शकत नाही. त्यातून पोटात पिले असलेला नर सापडला, तर एकट्याचा जीव जात नाही. सारे घरच बुडते. शिवाय गवत उपटले गेले, की मागे राहिलेल्यांनी धरायचे कशाला?

यात कोळ्याला समुद्रघोडा मारायचा नसतो. त्याला पोटासाठी मासळी हवी असते. पण ज्या गवतात समुद्रघोडा राहतो, त्याच गवतात कोळंबीची आणि माशांची पिले वाढतात. गवत गेले, तर उद्याची मासळीही गेली. समुद्रघोड्याचे घर राखणे म्हणजे आपलेच ताट राखणे.

हे ओळखून तमिळनाडू सरकारने 2022 साली पाल्क उपसागरात 448 चौरस किलोमीटर जागा समुद्रगाईसाठी राखून ठेवली. समुद्रगाय समुद्रगवत खाते. तिचे कुरण राखले, की समुद्रघोड्याचे घरही राखले जाते. महाराष्ट्रातही 1981 सालच्या कायद्याने किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात ट्रॉलरला बंधन आहे. ते पाळले गेले पाहिजे.

आपण काय करावे?

जाळ्यात जिवंत समुद्रघोडा आला, तर तो लगेच पाण्यात सोडावा.
वाळलेला समुद्रघोडा औषध म्हणून घेऊ नये, विकू नये.
खाडीतली तिवरे तोडू नयेत. खाडीत कचरा टाकू नये.

प्रश्न

1. समुद्रघोडा मासा आहे, हे कशावरून?
2. लाटांत तो कसा टिकतो?
3. पिलांना कोण वाढवितो? कुठे?
4. समुद्रगवत गेले, तर कोळ्याचे काय नुकसान होईल? आपसांत बोला, मग चार ओळी लिहा.