पेशंट ट्रायलमध्ये चोवीस तास असतो

१. कॅन्सरच्या ट्रायलमधला पेशंट आमच्याकडे तीन आठवड्यांतून एकदा येतो. ट्रायलमध्ये मात्र तो चोवीस तास असतो. केमोनंतर रात्री ताप चढला, की घरचे तालुक्याच्या डॉक्टरांकडेच धावणार. पांढऱ्या पेशी घसरलेल्या असताना तो ताप जिवावर बेतू शकतो. ट्रायलविषयीच्या २०१९च्या नियमांनुसार अशी गंभीर घटना ट्रायलच्या डॉक्टरांनी २४ तासांत नैतिकता समितीला, प्रायोजकाला आणि केंद्रीय औषध नियामकाला कळवायची असते. पण आधी ती आमच्यापर्यंत पोचायला हवी. म्हणून पेशंटची परवानगी घेऊन मी त्याच्या गावच्या डॉक्टरांना सुरुवातीलाच फोन करते. त्यांना ही कटकट वाटेल, असा माझा अंदाज होता. उलट, आता तेच आपणहून फोन करतात. मोठ्या हॉस्पिटलमधून त्यांना कधी कुणी विचारलंच नव्हतं.

२. संमतीपत्रावर सही होते डॉक्टरांसमोर, प्रश्न मात्र विचारले जातात सलाईन लावणाऱ्या सिस्टरना. "मध्येच सोडलं तर इथले उपचार बंद होतील का हो?" हा प्रश्न मावशींच्याही कानावर पडतो. केव्हाही बाहेर पडता येतं आणि नेहमीचे उपचार चालूच राहतात, हे उत्तर वॉर्डातल्या प्रत्येकाच्या तोंडी एकच असायला हवं. एकानं जरी "आता कसं सोडता?" म्हटलं, तरी ती संमती मोकळ्या मनाची राहत नाही.

३. रक्ताचा नमुना ठरल्या मिनिटाला घेतला, तरी तो लॅबपर्यंत नेणारे मामाच असतात. घाई कशासाठी, हे त्यांना समजावून सांगितलं, की आठवण करावी लागत नाही.

४. घरात औषधांचा हिशेब बहुतेक वेळा सुनेकडे असतो. कुठला काढा चालू आहे, उपवासाला गोळी चुकली का, हे तिलाच विचारावं, तेही दटावणीचा सूर न लावता.

५. पाठपुरावा हा ट्रायलचा कणा आहे, आणि त्याचं श्रेय कुणालाच मिळत नाही. टाटा मेमोरियलच्या पुढाकारानं देशातल्या ११ केंद्रांत स्तनाच्या कर्करोगावर एक ट्रायल झाली. शस्त्रक्रियेआधी गाठीभोवती बधिरतेचं साधं, स्वस्त औषध टोचायचं, एवढंच. २०११ ते २०२२ या काळात १६०० स्त्रिया तीत सहभागी झाल्या. आजार न उलटता पाच वर्षं काढणाऱ्यांचं प्रमाण ८२.६ टक्क्यांवरून ८६.६ टक्क्यांवर गेलं. हे आकडे वाचताना मला दिसतात ते वर्षानुवर्षं फोन लावणारे लोक: बदललेला नंबर शेजाऱ्यांकडून मिळवणारे, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा आहे का विचारणारे, एसटीच्या भाड्याची सोय पाहणारे. पेशंट परत येतो तो बऱ्याचदा अशा माणसांमुळे.

६. कुणाला कुठले उपचार, ही निवड चिठ्ठी टाकावी तशी होते, आणि कुणाच्या वाट्याला नेहमीचे उपचार येतात. अशा बाईंना कुणी "बिचारी" म्हणू नये, यावर मी हटून बसते. त्यांच्याशी तुलना केल्याशिवाय नव्या औषधाचं काहीच ठरत नाही. ट्रायल संपल्यावर निकालही आधी त्यांना कळावा, असं मला वाटतं. "मग, आमचा उपयोग झाला का?" हे त्या विचारतातच; तेव्हा उत्तर द्यायला ओळखीचा आवाज हवा.