खिडक्या कायमच्या बंद ठेवायच्या का?

प्रश्न : जर्मनीत पॅसिव्ह हाउस पद्धतीचं, म्हणजे जवळपास हवाबंद आणि फार कमी ऊर्जेत उबदार राहणारं घर घेतोय. हीट पंप आहे, शिवाय हवा खेळवणारं यंत्रही. दोन्ही कशाला? खिडक्या उघडायच्याच नाहीत का? आणि रोजच्या फोडणीचं काय?

उत्तर : दोघांची कामं वेगळी. हीट पंप बाहेरच्या थंड हवेतलीही उष्णता खेचून घरात आणतो. एक युनिट विजेत साधारण तीन युनिट उष्णता. घर तापवायला फरशीखालच्या नळ्यांत ३५ अंशांचं पाणी पुरत असेल तर तो स्वस्तात चालतो. हवेचं यंत्र बाहेर जाणाऱ्या हवेची किमान ७५ टक्के उष्णता ताज्या हवेला देतं. दोन्ही हवा एकमेकींत मिसळत नाहीत. खिडकी खुशाल उघडा, फक्त थंडीत तासन्‌तास नको.

फोडणीची शंका मात्र रास्त. तेलाची वाफ यंत्राच्या नळीत जाता कामा नये. म्हणून चिमणी कोळशाच्या फिल्टरची, हवा खोलीतच परत सोडणारी घ्या. स्वयंपाकघरातल्या नळीच्या तोंडाशी तेल अडवणारी जाळी बसवा, ती वरचेवर धुवा. तळण काढताना यंत्राचा वेग वाढवा. हिवाळ्यात हवा कोरडी वाटली तर वेग कमी करा. पाण्याची भांडी ठेवून फारसं साधत नाही. घर ताब्यात घेण्याआधी प्रत्येक खोलीतला हवेचा प्रवाह मोजल्याची नोंद कंत्राटदाराकडून मागून घ्या.