दाबतंय कोण, ते आधी बघ

साबुदाणा भिजला का, हे तू कसं बघतेस? एक दाणा दोन बोटांत धरून दाबतेस. मधे टणक लागला नाही की झालं. मायक्रोजेलच्या, म्हणजे पाण्यानं फुगलेल्या पॉलिमरच्या जाळीच्या, कणाचंही तसंच आहे गं, फक्त कण मायक्रॉनभराचा असतो आणि दाबायला बोटं आपली आपण शोधावी लागतात. तू आता या कामाला लागतेस, म्हणून इतक्या वर्षांत हाताला जे कळलं ते सांगून ठेवते.

वहीत 'मऊ' हा शब्द एकटा लिहू नकोस. एका जागी टोचलं तर कण किती खचतो, हा एक प्रश्न. चहूबाजूंनी सारखा दाब आला तर जाळीतलं पाणी निघून तो किती आक्रसतो, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर यंग मोड्युलस, दुसऱ्याचं बल्क मोड्युलस. एकाच कणाचे हे दोन आकडे असतात आणि एकाची जागा दुसरा घेऊ शकत नाही.

तुझे कण पीनायपॅम या पॉलिमरचेच असणार. 1986 साली पेल्टन आणि चिबांते यांनी ते केले, तेव्हापासून या क्षेत्रात सगळे या कणांवरच हात बसवतात. 32 अंशांच्या आसपास ते पाणी सोडून चिमतात, आणि त्या वळणाच्या जवळच ते सर्वात सहज दबतात. म्हणून एका अंशाचा फरकही इथे चालत नाही. बाथच्या पडद्यावरच्या आकड्यावर जाऊ नकोस, थर्मामीटर क्युव्हेटमध्येच बुडव.

तापमानावरून माझी एक चूक सांगते. डीएलएसवर, म्हणजे विखुरलेल्या प्रकाशावरून कणाचा आकार काढणाऱ्या यंत्रावर, 20 अंशांपासून 40 अंशांपर्यंत आकार मोजत गेले आणि सॉफ्टवेअरमध्ये पाण्याची व्हिस्कॉसिटी 20 अंशांचीच राहिली. ती 20 ला साधारण 1 मिलिपास्कल-सेकंद असते, 40 ला 0.65. त्यामुळे 40 अंशांवरचा कण होता त्यापेक्षा पस्तीस टक्क्यांनी लहान दिसला. तीन आठवडे मी त्या भन्नाट आक्रसण्यावर खूश होते. तेव्हापासून मोजणीआधी व्हिस्कॉसिटीचा रकाना मी मोठ्यानं वाचते. तूही वाच.

चहूबाजूंनी दाबायचं तर डेक्स्ट्रान, म्हणजे साखरेची लांब साखळी. कणाबाहेर डेक्स्ट्रानचं द्रावण ठेवलं की ते पाणी ओढून घेतं आणि कण आक्रसतो. पण त्याची साखळी जाळीत शिरली, तर दाब आतबाहेर सारखाच होतो, कण ढिम्म हलत नाही, आणि आपण त्याला कडक म्हणून मोकळे होतो. म्हणून नेहमी दोन वेगवेगळ्या लांबीचे डेक्स्ट्रान घे. ऑस्मॉटिक प्रेशर तेवढंच ठेवून दोघांचं उत्तर जुळलं, तरच पुढे जा.

आता जरा हिशेब कर. बल्क मोड्युलस 10 किलोपास्कल धर. त्यावर 1 किलोपास्कल दाब दिला, म्हणजे साधारण दहा सेंटिमीटर पाण्याचा, तर आकारमान दहा टक्क्यांच्या आसपास घटेल. त्रिज्या मात्र साडेतीन टक्केच. 300 नॅनोमीटर त्रिज्येच्या कणात ते जेमतेम दहा नॅनोमीटर होतात! आणि त्रिज्येतली चूक आकारमानात तिप्पट होऊन येते. म्हणून प्रत्येक दाबाला निदान पाच वेळा मोज. डेक्स्ट्रानचं द्रावण पाण्यापेक्षा दाट असतं, तेव्हा त्याचीही व्हिस्कॉसिटी वेगळी काढ. आणि आकार अचानक वाढलेला दिसला तर कण एकमेकांना चिकटून गोळा झालेत, असं आधी समज. बाहेरचं पॉलिमर त्यांना जवळ ढकलतं.

टोचायचं तर एएफएम, म्हणजे बारीक टोकानं दाबून बल मोजणारं यंत्र. इथे सब्जा आठव. भिजलेल्या सब्जाला बाहेर बुळबुळीत झालर असते आणि मधे टणक बी. मायक्रोजेलही बहुधा असाच असतो, कारण कण तयार होताना जाळीच्या साखळ्या जोडणारा क्रॉसलिंकर मोनोमरपेक्षा आधी संपतो. जाळी मधे घट्ट होते, कडेला विरळ. वरवर टोचलंस तर झालरीचा आकडा मिळेल. खोल टोचलंस तर खालची काच बोलायला लागेल. कणाच्या उंचीच्या दहा टक्क्यांच्या आत राहा, आणि काचेवर बसलेला कण थोडा पसरलेला असतो, तेव्हा उंची तिथेच मोजून घे.

टोचण्याचा वेगही लिहून ठेव. मायक्रॉनच्या कणातून पाणी काही मिलिसेकंदांत निघून जातं, त्यामुळे हळू टोचलंस तर तू रिकाम्या होणाऱ्या जाळीला दाबतेस. आकार शंभरपट केला तर हा वेळ दहा हजारपट होतो, म्हणजे मिनिटांवर जातो. असे मोठे कण निमुळत्या काचनळीत ढकलून दाबण्याची रीत हान्स वीस आणि सहकाऱ्यांनी 2010 साली मांडली. तिच्यात कणाचा आकार नळीत कसा बदलतो त्यावरून दोन्ही मोड्युलस एकाच वेळी निघतात. मला ती फार आवडते. पण तिथे दाब वाढवला की वाट बघायला शिक. कण सरकायचा थांबेपर्यंत कळ सोस.

या सगळ्याआधी सॅम्पल स्वच्छ कर. डायलिसिसचं पाणी आठवडाभर रोज बदल. मोकळ्या साखळ्या राहिल्या तर त्याही ऑस्मॉटिक प्रेशर देतात. उरलेला मोनोमर विषारी असतो, हातमोजे काढू नकोस.

आणि डेक्स्ट्रान म्हणजे शेवटी साखरच. पावसाळ्यात बाटली टेबलावर राहिली की चार दिवसांत तळाशी पांढरी झिळमिळ दिसते. तसं दिसलं तर ती गाळत बसू नकोस. ओतून दे आणि नवीन कर.