सुईच्या तपासणीतील मोजमाप

प्रश्न : स्नायूंच्या सुई-तपासणीचा निष्कर्ष केवळ डॉक्टरांच्या अंदाजावर ठरतो का? (एक वाचक, तळोदा, जि. नंदुरबार)

उत्तर : स्नायूत सुई-इलेक्ट्रोड घालून विद्युतसंकेत टिपणाऱ्या इलेक्ट्रोमायोग्राफीत अनुभवी डोळ्या-कानांना महत्त्व आहेच, परंतु सौम्य विकारात ते अपुरे पडतात, म्हणून कोपनहेगनच्या फ्रिट्झ बुखथाल यांनी रूढ केलेल्या पद्धतीत एका स्नायूतील सुमारे २० चालक-एककांचे (एक चेतापेशी व तिच्या ताब्यातील स्नायुतंतू) संकेत मोजून त्यांचा सरासरी कालावधी त्याच वयाच्या निरोगी व्यक्तींच्या त्याच स्नायूशी ताडला जातो. स्नायुविकारात हा कालावधी बहुधा घटतो, जुन्या चेताविकारात वाढतो. थंड स्नायूतही तो वाढत असल्याने तोरणमाळच्या हिवाळ्यातून आलेल्या रुग्णाचा हात आधी उबदार करणे अत्यावश्यक ठरते. अन्यथा निरोगी चेतेवरही विकाराचा ठपका येऊ शकतो.