सूर्य मावळण्यापूर्वी

या आठवड्याच्या पाठासाठी इफिसकरांस पत्राच्या 4 थ्या अध्यायातील 25 ते 32 ही वचने घ्यावीत. ज्या घरी वाचता येणारे कोणी आहे, त्याने ती कुटुंबप्रार्थनेच्या वेळी मोठ्याने वाचावीत.

ख्रिस्ती मनुष्यास राग येणे हे पाप आहे काय, असे पुष्कळ बंधू आम्हांस विचारतात. पौलाने तसे म्हटलेले नाही. राग येईल हे तो 26 व्या वचनात धरूनच चालतो. त्यास मर्यादा मात्र घालतो, आणि ती सूर्यास्ताची. आपल्या प्रभूसही राग आला होता. मार्काच्या 3 ऱ्या अध्यायात, त्याजवर दोष ठेवण्यासाठी टपून बसलेल्या लोकांकडे त्याने रागाने पाहिले. त्याच वेळी त्यास त्यांजविषयी खेदही झाला, आणि लागलीच त्याने वाळलेल्या हाताच्या मनुष्यास बरे केले. यास्तव, मजुरी बुडविली गेली किंवा पाणवठ्यावर अडविले गेले तरी गरिबाने रागावू नये, असे सांगण्यासाठी कोणी हे वचन वापरू नये. 20 मार्च 1927 रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्यावयास गेलेले लोक काही राग नसलेले लोक नव्हते. त्यांजवर मार पडला, तरी डॉ. आंबेडकरांनी त्यांस शांत राहण्यास सांगितले.

31 व्या वचनात मूळ ग्रीक भाषेत रागासाठी दोन शब्द आले आहेत. थुमॉस म्हणजे एकाएकी उठणारा भडका. ऑर्गे म्हणजे मनात मुरलेला राग. गॅस घरोघरी येण्यापूर्वी आपल्या माता रात्री चुलीतला विस्तव राखेखाली पुरून ठेवीत, आणि पहाटे एका फुंकरीसरशी तो पेटे. पौलास या राखेखालच्या विस्तवाचे भय अधिक वाटते, असे आम्हांस दिसते.

तो पुढे म्हणतो की सैतानास जागा देऊ नये. जागा म्हणजे काय हे शेतकऱ्यास निराळे सांगावयास नको. बांध कोरणारा एका दिवसात शेत घेत नाही. दरसाल एक तास आत नांगरतो. आमच्या परिचयाचे दोघे सख्खे भाऊ आहेत. त्यांच्या बांधाचा तंटा मोजणीदाराने केव्हाच मिटविला, पण राग काही मोजणीत आला नाही. प्रभुभोजनाच्या दिवशी एक भाऊ आत आला की दुसरा उठून बाहेर जातो. त्यांची मुलेही आता एकमेकांशी बोलत नाहीत, आणि त्या लेकरांस बांध कोणता हेही ठाऊक नाही.

काही जण म्हणतील, आमचा राग क्षणाचा, मनात काही नसते. हे घरच्या माणसांस विचारावे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांच्यासारख्या भक्तिमान पुरुषाचा स्वभावही शीघ्रकोपी होता. लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' या ग्रंथात तो लपविलेला नाही, आणि त्यांस मागाहून होणारा पश्चात्तापही लपविलेला नाही. पण भडका विझला तरी ज्यास भाजले त्याचा फोड राहतोच.

आमचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. पाळकाने नेहमी दुसऱ्यांचेच दोष सांगावे हे बरे नव्हे. कुर्डुवाडीस पूर्वी मोठ्या गाडीचा माल उतरवून बार्शीच्या छोट्या गाडीत भरावा लागे. रूळ रुंद झाल्यापासून ती यातायात संपली, पण रागाचे ओझे मात्र आपण अजून तसेच एका गाडीतून दुसऱ्या गाडीत भरतो. एके दिवशी एका कचेरीत आम्हांस तीन तास ताटकळत ठेवून अपमानाने परत पाठविले. तेथे आम्ही एक शब्द बोललो नाही. सायंकाळी खेड्यावरचे एक उपदेशक वर्गणीचा हिशेब घेऊन आले. त्यात थोडी चूक होती. आम्ही त्यांजवर इतके ओरडलो की शेजारी डोकावू लागले. ते मुकाट्याने वही उचलून स्टेशनकडे निघाले.

आमच्या पत्नीने एवढेच म्हटले, "अहो, अजून दिवस मावळला नाही."

आम्हांस जावेसे वाटत नव्हते. हिशेबात चूक होती ना? पाळकाने उपदेशकाची क्षमा मागावी, तीही लोकांदेखत? या विचारात निम्मा वेळ गेला. फलाटावर पोहोचलो तेव्हा ते बाकावर बसले होते. कचेरीतली हकिकत आम्ही त्यांस सांगितली नाही, कारण सबब घेऊन क्षमा मागता येत नाही. चूक आमची, एवढेच बोललो.

ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पाळकसाहेब, बरे झाले आलात. आज घरी गेल्यावर मी पोरांना मारले असते."

त्या दोघा भावांकडे आम्ही दोनदा जाऊन आलो. थोरल्याने दार उघडले, धाकट्याने नाही. येत्या प्रभुभोजनापूर्वी पुन्हा जाणार आहोत. मंडळीने त्यांच्यासाठी प्रार्थना करावी.