काल, आज, उद्या आणि इंग्रजी क्रियापद



तुमच्या इंग्रजीच्या वह्या तपासताना माझी लाल शाई सर्वांत जास्त खर्च होते ती क्रियापदावर. पण रागावू नका. याच चुका मीही केल्या आहेत, आणि त्यातली एक मला फार महाग पडली.

बारावी पास झाल्यावर मी एका ठिकाणी नोकरीसाठी इंग्रजीत अर्ज केला. त्यात लिहिले, ‘आय अ‍ॅम पासिंग द ट्वेल्थ एक्झामिनेशन.’ मला वाटले, ‘मी पास आहे’ यातल्या ‘आहे’साठी ‘अ‍ॅम’ हवेच! पंधरा दिवसांनी कार्ड आले : ‘परीक्षा पास झाल्यावर अर्ज करावा.’ तोवर मुदत संपली होती. वडिलांना वाचता येत नव्हते, म्हणून मीच कार्ड वाचून दाखवले. ते एवढेच म्हणाले, “पण तू ते पास व्हयेल शे ना?”

पाहा, शाळेत न गेलेल्या माझ्या वडिलांच्या अहिराणीत काळ अगदी बरोबर होता! ‘व्हयेल शे’ म्हणजे ‘झालेला आहे’, इंग्रजीत ‘हॅव पास्ड’. मी शब्दाला शब्द ठेवला, पण काम झाले आहे की व्हायचे आहे, हे पाहिलेच नाही. तेव्हापासून वाक्य लिहिले की मी आधी वेळ सांगणारा शब्द शोधतो आणि मग क्रियापद तपासतो. तुम्हीही तसेच करा.

१) ‘होतो’चा फसवा अर्थ : ‘मी काल बाजारात गेलो होतो’ याचे आपण ‘आय हॅड गॉन’ करतो. हे चूक आहे. काल, परवा, अमुक साली असे म्हटले की साधा भूतकाळ : ‘आय वेंट टू द मार्केट यस्टरडे.’ मग ‘हॅड’ कधी वापरायचे? भूतकाळातल्या दोन गोष्टींपैकी आधी कोणती घडली, हे सांगायचे तेव्हा. आपण अमळनेर स्टेशनवर पोहोचलो, पण गाडी आधीच सुटली होती : ‘द ट्रेन हॅड लेफ्ट व्हेन वी रीच्ड अमळनेर.’

२) नेहमीची गोष्ट : ‘तापी पश्चिमेकडे वाहत आहे’ असे मनात धरून ‘इज फ्लोइंग’ लिहू नका. तापी आजच नव्हे, नेहमीच पश्चिमेकडे वाहते. म्हणून साधा वर्तमानकाळ : ‘द तापी फ्लोज टू द वेस्ट.’ शेवटचा ‘एस’ विसरू नका. काम आत्ता, डोळ्यांसमोर चालू असेल तरच ‘आयएनजी’. घरी आई विचारते ना, “काय करी राहिना?” तेव्हा जे सांगाल त्याला ‘आयएनजी’ लावा : ‘आय अ‍ॅम रीडिंग.’

३) ‘डिड’नंतर मूळ रूप : ‘आय डिड नॉट वेंट’ हे चूक. भूतकाळ ‘डिड’नेच सांगितला, तो पुन्हा कशाला सांगायचा? ‘आय डिड नॉट गो.’

४) ‘पासून’ : ‘मी पाच वर्षांपासून धुळ्यात राहतो’ याचे ‘आय अ‍ॅम लिव्हिंग सिन्स फाइव्ह इयर्स’ होत नाही. ‘आय हॅव लिव्ह्ड इन धुळे फॉर फाइव्ह इयर्स.’ किती काळ ते सांगायला ‘फॉर’, केव्हापासून ते सांगायला ‘सिन्स’ : ‘सिन्स २०२०’.

आता चुका तुम्ही शोधा. उत्तरे खाली आहेत, पण आधी पाहू नका बरं!

(अ) साने गुरुजी टीचेस इन अमळनेर इन १९२५.
(आ) नंदुरबार हॅज बिकम अ डिस्ट्रिक्ट इन १९९८.
(इ) शी डिड नॉट केम यस्टरडे.
(ई) माय फादर गो टू द फील्ड एव्हरी डे.
(उ) वी वेंट टू जळगाव टुमारो.

उत्तरे : (अ) टॉट (आ) बिकेम (इ) डिड नॉट कम (ई) गोज (उ) विल गो.

पाचही बरोबर आली तर शाबास! एखादे चुकले तर त्या वाक्यातला वेळेचा शब्द कोणता, ते पुन्हा पाहा. आणि मराठी किंवा अहिराणी बोलतो म्हणून आपले इंग्रजी कच्चे, असे कधी मानू नका. काम कधी झाले, हे आपली बोली आपल्याला बरोबर सांगते. आधी ते ऐका आणि मगच इंग्रजी क्रियापद लिहा. मी ऐकले असते, तर ते कार्ड आले नसते.

– तुमचे गुरुजी